सहा मीटरची रिबन घेताना: कापड, काठी आणि मधली कडी

टोकियो ऑलिंपिकमधल्या रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या (संगीतावर हातात साधन घेऊन करायच्या जिम्नॅस्टिक्सच्या) अंतिम फेरीचा गुणफलक काढून बघा. सुवर्ण जिंकणाऱ्या इस्राएलच्या लिनोय अश्रमला हूपवर २७.५५०, बॉलवर २८.३००, क्लब्जवर (मुग्दरासारख्या दोन छोट्या दांड्यांवर) २८.६५० गुण मिळाले आणि रिबनवर २३.३००. दुसऱ्या आलेल्या दिना अवेरिनाचे आकडे २७.२००, २८.३००, २८.१५० आणि रिबनवर २४.०००. जगातल्या पहिल्या दोन मुली, पण हातात रिबन आली की तीन ते पाच गुण खाली. तिसरी आली बेलारूसची आलिना हर्नास्को, एकूण गुण १०२.७००. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये जपानमध्येच, किताक्युशूच्या जागतिक स्पर्धेत सर्वसाधारण विजेतेपद अवेरिनाला मिळालं, हर्नास्कोला रौप्य. रिबनचं सुवर्ण मात्र हर्नास्कोने नेलं. सगळ्यांचे गुण जिथे गळतात तिथेच ती जगज्जेती ठरली.

तिच्या रिबनचे व्हिडिओ बघून कितीतरी मुली घरी सांगतात, ‘मला तशीच रिबन हवी.’ इथे त्या ‘तशाच’ रिबनचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या (एफआयजी) मापात बसणाऱ्या सहा मीटरच्या रिबनचा आणि काठीचा आढावा आहे. सासाकी आणि चाकॉट या दोन जपानी कंपन्या आणि इटलीची पास्तोरेल्ली, ही तीन नावं आपल्याकडच्या मुलींच्या बॅगेत सर्वाधिक दिसतात. भर त्यांच्यावर आहे, सोबत शिलाई मशीनवर घरी शिवलेल्या रिबनचाही विचार केला आहे.

निकाल आधी सांगतो. तयार संच एकत्र घेऊ नका. कापड एकाचं, काठी दुसऱ्याची चालेल, पण दोघांना जोडणारी कडी स्वतः निवडून घ्या, कारण रिबनला पडणाऱ्या निम्म्याहून जास्त गाठींचं मूळ त्या दीड इंचात असतं. आणि मुलगी ज्युनियर गटात, म्हणजे सोळाच्या आतली असेल तर सहा मीटरच्या भानगडीत पडूच नका, पाच मीटरची घ्या.

खर्च करावा का, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर बेलारूसच्या पदकांकडे बघून देता येतं. १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकला मरिना लोबाच सोव्हिएत संघाकडून खेळली आणि ६०.००० पैकी ६०.००० घेऊन सुवर्ण जिंकली. तेव्हा दोरी, हूप, क्लब्ज आणि रिबन अशी साधनं होती. २००० च्या सिडनीत यूलिया रास्किना ३९.५४८ गुणांवर थांबली, सुवर्णापासून ०.०८४ ने लांब. तेव्हा क्लब्ज नव्हते, बॉल होता. २००८ ला बीजिंगमध्ये इना झुकोवाचं रौप्य आलं तेव्हा बॉल गेला आणि क्लब्ज परत आले. २०१२ ला लंडनमध्ये ल्युबोव चार्काशिनाने १११.७०० गुणांनी कांस्य घेतलं तोवर दोरी वैयक्तिक स्पर्धेतून हद्दपार झाली होती. मग टोकियोत हर्नास्को. या पाच पदकांत साधनं आत-बाहेर होत राहिली, पण रिबन पाचही वेळा होती. सीनियर गटात जायचं असेल तर रिबनवर केलेला खर्च वाया जात नाही. दोरीबद्दल असं म्हणता येणार नाही.

आता माप. रुंदी ४ ते ६ सेंटिमीटर चालते, बाजारातल्या बहुतेक रिबन ५ सेंटिमीटरच्या असतात. सीनियरसाठी लांबी किमान ६ मीटर, ज्युनियरसाठी ५ मीटर. काठीकडचं टोक जास्तीत जास्त १ मीटरपर्यंत दुहेरी दुमडून दोन्ही कडांनी शिवलेलं असतं. सहा मीटरच्या रिबनचं वजन काठी आणि कडी सोडून किमान ३५ ग्रॅम हवं. कापड सॅटिनसारखं, खळ न दिलेलं आणि सलग एकाच तुकड्याचं. मध्ये जोड दिसला तर ती स्पर्धेत चालत नाही.

घरी शिवणारे अडकतात ते वजनात. सहा मीटर गुणिले पाच सेंटिमीटर, वर एक मीटरची दुहेरी घडी, असं मिळून कापड साधारण ०.३५ चौरस मीटर होतं. त्याचं वजन ३५ ग्रॅम भरायचं म्हणजे कापड चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या आसपासचं हवं. ड्रेसच्या अस्तराचं पातळ सॅटिन बहुधा यात बसत नाही, भेटवस्तूला बांधायची रिबन तर नाहीच. हलकी रिबन सुरुवातीला छान वाटते, मनगट दुखत नाही. पण तिच्यात लाट शेपटापर्यंत, म्हणजे रिबनच्या मोकळ्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. शेवटचा दीड-दोन मीटर हवेत थबकतो, खाली येतो आणि पुढच्या लाटेत अडकतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिबन गुंडाळून ठेवा, ३५ च्या खाली काटा दाखवत असेल तर परत करा.

उलट टोकाची चूक म्हणजे फार जाड कापड. ते लाट नेतं, पण वळणात कडक राहतं. स्पायरलमध्ये चार-पाच वेटोळी दाट आणि एकाच आकाराची दिसायला हवीत, जाड कापडात ती अंड्यासारखी लांबुळकी होतात. हर्नास्कोच्या रिबनमध्ये हेच बघण्यासारखं आहे. तिची वेटोळी काठीपासून शेपटापर्यंत जवळजवळ एकाच व्यासाची राहतात आणि शरीर फिरत असताना, पाय डोक्याच्या वर असतानाही शेपूट जमिनीवर पडून राहत नाही. ती करामत मनगटाची, पण कापड साथ देत नसेल तर मनगट काय करणार.

कापड दोन प्रकारचं मिळतं, रेयॉनचं आणि पॉलिएस्टरचं. रेयॉन मऊ असतं, पडतं छान, लाट गोल येते. पण ते ओलावा पितं. ठाणे-मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात रेयॉनची रिबन लोंबते, जड होते, त्यावर पडलेली सुरकुती इस्त्रीशिवाय जात नाही, आणि ओली असताना ओढली तर धागा तुटतो. पॉलिएस्टरला ओलाव्याचं काही वाटत नाही, ते लवकर सुकतं, कमी चुरगळतं. त्याचा त्रास कोरड्या हवेत सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याकडे किंवा एसी लावलेल्या हॉलमध्ये स्थिर वीज साठते आणि रिबन लिओटार्डला (स्पर्धेच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाला), मांडीला, गालिच्याला चिकटते. चिकटली की पुढचा फेक चुकलाच. उपाय साधा आहे, स्पर्धेआधी कपड्यांचा अँटिस्टॅटिक स्प्रे दुरून हलका मारा, किंवा ओला हात झटकून रिबनवरून एकदा फिरवा.

दुकानदार सांगेल त्यावर विसंबू नका. शिवणीतून निघालेला एक धागा घेऊन जाळून बघा. रेयॉन कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. याचा संबंध शेपटाशी आहे. लांबी कमी करायची असेल तर कापायची ती नेहमी शेपटाकडून, दुमडलेल्या बाजूने कधीच नाही. पॉलिएस्टरची कापलेली कड गरम सुरीने सील होते. रेयॉनची होत नाही, तिला बारीक दुमड घालून शिवावी लागते. तिथे जाड दुमड किंवा गाठ ठेवलीत तर बूमरँगच्या वेळी बोटांत अडकते. बूमरँगमध्ये काठी फेकून रिबनचं टोक हातात ठेवायचं असतं आणि ओढून काठी परत आणायची असते. ते टोक सुळकन सुटायला हवं आणि घट्ट धरताही यायला हवं.

तीन कंपन्यांच्या कापडात फरक आहे, पण जाहिराती दाखवतात तितका नाही. एकरंगी, गच्च रंगाची, नीट पडणारी रिबन हवी असेल तर सासाकी. रंग एकातून दुसऱ्यात विरघळत जाणारे हवे असतील तर चाकॉट, त्यांच्या छटांना तोड नाही आणि दुरून बसलेल्या परीक्षकाला वेटोळं स्पष्ट दिसतं. पास्तोरेल्लीची रंगांची यादी मोठी आहे आणि त्यांच्या चकाकत्या काठ्या रिबनच्या रंगाशी जुळवून मिळतात. रंग निवडताना गालिच्याचा विचार करा. गालिचा बेज किंवा फिका असेल तर पिवळी, क्रीम, फिकट गुलाबी रिबन दिसेनाशी होते. लाल, जांभळा, गडद निळा, हिरवा हे रंग दिसतात. हाताने रंगवलेल्या रिबन सुंदर असतात, पण घामाने किंवा पाण्याने रंग उतरतो का ते ओल्या पांढऱ्या रुमालाने तपासा. पांढऱ्या लिओटार्डवर निळा डाग धुऊन जात नाही.

काठीला नियम सोपा आहे. लांबी ५० ते ६० सेंटिमीटर, जाडी कुठेही १ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. लाकूड, बांबू, प्लास्टिक, फायबरग्लास सगळं चालतं. पकडीच्या टोकाला जास्तीत जास्त १० सेंटिमीटर रबर किंवा न घसरणारी पट्टी लावता येते. हौसेने अर्ध्या काठीला टेप गुंडाळणारे पालक दिसतात, मापतपासणीत ती काठी बाद होऊ शकते.

मोठ्या मुलींसाठी या तिन्ही कंपन्यांच्या काठ्या ६० सेंटिमीटरच्या आसपास असतात. सहा मीटर रिबनला हीच लांबी हवी. काठी जितकी लांब तितकं टोक जास्त फिरतं आणि मनगटाला तितकं कमी फिरावं लागतं. पन्नासची काठी घेऊन सहा मीटर हलवायची म्हणजे कोपर कामाला लागतं, आणि कोपर आलं की ‘साप’ म्हणतात त्या नागमोडी लाटा बारीक न येता पसरट येतात. फायबरग्लास घ्या, पण लवचीकपणा तपासून. पकडीकडे धरून टोक झटका. टोक दोन-तीनदा थरथरून थांबलं तर ठीक, बराच वेळ डुलत राहिलं तर लाट उशिरा सुटेल. वर्ष-दीड वर्ष रोज वापरल्यावर फायबरग्लासचा वरचा थर उडतो आणि काचतंतू बोटांत घुसतात. ही कुसळं दिसत नाहीत, खाजतात आणि पिकतात. काठीवरून कापसाचा बोळा फिरवा, तंतू ओढला गेला की काठी बदलायची वेळ झाली. चकाकी लावलेल्या काठ्यांवर चकाकीचा कागद आधी सुटतो. तो सुटलेला चालवून घेऊ नका, फेक झेलताना बोट कापतं.

आता कडी, आणि इथे थोडं थांबतो, कारण दुकानात कोणी याबद्दल बोलत नाही. काठीचं टोक आणि रिबन यांच्यामध्ये दोरा, नायलॉनची दोरी किंवा एकमेकांत फिरणाऱ्या कड्यांची साखळी असते. हा मधला भाग ७ सेंटिमीटरपेक्षा लांब नको. साखळीत एक स्विव्हल असतो, म्हणजे दोन्ही टोकं स्वतंत्र फिरतात असा छोटा सांधा, मासे पकडायच्या गळाला असतो तसाच. त्याचं काम एकच, रिबनला पडणारा पीळ काठीपाशीच सोडून देणं. उजव्या हाताने सलग स्पायरल घेतले की प्रत्येक वेटोळ्यागणिक रिबनमध्ये थोडा पीळ साठतो. स्विव्हल मोकळा असेल तर तो तिथल्या तिथे सुटतो. अडकला असेल तर पीळ दुहेरी शिवलेल्या पहिल्या मीटरमध्ये जमतो, कापड दोरीसारखं वळतं, आणि पुढच्या फेकीत रिबन सैल पडताच तो पीळ स्वतःभोवती गुंडाळून गाठ होते. मुलीला वाटतं तिचा हात चुकला. चूक हाताची नसतेच.

तपासणी अशी. काठी आडवी धरा, रिबन गुंडाळून तिचा गोळा कडीखाली लोंबता ठेवा आणि गोळ्याला दहा-बारा वेळा गरागरा फिरवून सोडा. स्विव्हल चांगला असेल तर गोळा फिरत राहील आणि काठीकडची दोरी हलणार नाही. दोरीलाच पीळ पडू लागला तर स्विव्हल बदला. समुद्राकाठच्या गावांत हे दर काही महिन्यांनी करा, खाऱ्या हवेत साधी लोखंडी कडी आतून गंजते आणि बाहेरून ठीक दिसते. स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेचा स्विव्हल घ्या. तेलाचा थेंब सोडायचा मोह टाळा, तेल रिबनवर उतरतं आणि डाग पडलेल्या जागी कापड जड होतं. उघडणारी आकडी असलेला स्विव्हल सोयीचा, रिबन चटकन बदलता येते, पण आकडीचं तोंड पूर्ण मिटतं का ते बघा. अर्धवट मिटलेलं तोंड कापडात घुसून उभा चिरा पाडतं. महागडी रिबन बाद व्हायचं हेच सर्वांत नेहमीचं कारण.

गाठीचं दुसरं कारण तंत्रातलं आहे. लाट काठीपासून निघून शेपटापर्यंत जायला वेळ लागतो आणि रिबन लांब असेल तितका जास्त लागतो. पाच मीटरवर बसवलेला ताल सहा मीटरवर तसाच ठेवला तर शेपूट पोहोचायच्या आत नवी लाट येते आणि दोन्ही आपटतात. हर्नास्को ऑगस्ट २००१ ची, म्हणजे २०१७ पासून सीनियर, तेव्हापासून सहा मीटर सक्तीचे. सोळाव्या वर्षी हा बदल प्रत्येकीला करावाच लागतो. त्यासाठी आधी काही आठवडे संगीताशिवाय, उभ्यानेच, फक्त साप आणि स्पायरल घ्यायला लावा. मुलीची उंची दीड मीटरच्या आत असेल तर हात वर करूनही शेपूट जमिनीवर घासतं, तिला लांब रिबन देऊन उपयोग नाही. लहान मुलींना तीन-चार मीटरवर सुरू करून दर वर्षी थोडी वाढवा.

पडलेल्या रिबनची किंमतही माहीत असू द्या. साधन हातातून सुटलं आणि जागेवरूनच उचललं तर ०.५० कपात, एक-दोन पावलं टाकावी लागली तर ०.७०, तीन किंवा जास्त पावलांना १.००. गाठीची कपात वेगळी, शिवाय गाठ असताना केलेली हाताळणी मोजली जात नाही तो तोटा आणखी वेगळा. म्हणून १३ बाय १३ मीटरच्या गालिच्याच्या कडेला राखीव रिबन ठेवायची सोय असते. राखीव म्हणून जुनी, चुरगळलेली ठेवू नका. तिचं वजन, लांबी, कडी सगळं पहिल्यासारखंच हवं, नाहीतर बदलल्यावर पहिल्याच फेकीत अंदाज चुकतो.

हॉलबद्दल दोन वाक्यं. छताचे पंखे चालू ठेवून रिबनचा सराव होत नाही, पंख्याचा झोत लाट मोडतो आणि मुलगी ती भरून काढायला चुकीचा जोर लावायला शिकते. एसीच्या झरोक्याखाली उभं राहायची वेळ आलीच तर त्या कोपऱ्यातला फेक दुसरीकडे हलवा.

इस्त्री हा सरावाचाच भाग धरा. मंद, कोरडी इस्त्री, मध्ये सुती रुमाल, काठीकडून शेपटाकडे एका दिशेने. मग पुठ्ठ्याच्या नळीवर शेपूट आत ठेवून गुंडाळा. घरच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची रिकामी नळी यासाठी उत्तम. घडी करून ठेवलेल्या रिबनला प्रत्येक घडीवर कोन पडतो आणि वेटोळं तिथेच मोडतं. चुरगळलेली रिबन शेपटाकडून काठीकडे हाताने सरळ करत या, झटकून सरळ करायला गेलात तर गाठ आणखी आवळते.

महाराष्ट्रात रिदमिकचा पाया मजबूत आहे. ठाण्याच्या संयुक्ता काळेने हरयाणात पंचकुला इथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत रिबनसकट पाच सुवर्णं घेतली. तरी प्रमाणित रिबन कोपऱ्यावरच्या खेळाच्या दुकानात मिळत नाही. तिथे मिळतात त्या नाचाच्या, दोन ते चार मीटरच्या, प्लास्टिकच्या काठीला थेट शिवलेल्या. त्या सहा-सात वर्षांच्या मुलीला हात बसायला ठीक आहेत, त्यापुढे नाही. बाहेरून मागवताना रिबन आणि काठी बहुधा वेगळ्या विकल्या जातात, कुरिअर आणि आयात शुल्क वर लागतं. त्यामुळे दोन-तीन पालकांनी मिळून एकत्र मागवणं परवडतं. मागवताना एक काठी असेल तर दोन रिबन घ्या, आणि पाच-सहा स्विव्हल इथेच गळाच्या दुकानातून घेऊन ठेवा. पार्सल आलं की आधी एफआयजीचा छाप रिबनवर आणि काठीवर दोन्हीकडे आहे का बघा, मग टेपने लांबी मोजा. दुमडून शिवल्यानंतर उरलेली लांबी सहा मीटर भरायला हवी. दोन-तीन सेंटिमीटर कमी भरली तरी परत पाठवा, कारण वापराने रिबन लांब होत नाही आणि मापतपासणीला बसलेला अधिकारी सूट देत नाही. लेबल आणि पाकीट हे सगळं होईपर्यंत फाडू नका.